अंगीकरणाचा अर्ज नेमका कुठे अडकतो?

आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून एकत्र राबवल्या जातात. या योजनांत रुग्णालय सामील कसे करायचे, म्हणजे ‘अंगीकृत’ कसे व्हायचे, याबद्दल वाचकांनी विचारलेले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : आमचे तालुक्याच्या गावी २० खाटांचे शस्त्रक्रिया रुग्णालय आहे. योजनेत फक्त मोठी रुग्णालये घेतात असे ऐकतो. आम्ही अर्ज करावा का? सुरुवात कुठून करायची? – एक सर्जन, लातूर जिल्हा

जरूर करावा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आंतररुग्ण खाटांची किमान अट १० आहे. डोळे किंवा कान-नाक-घसा अशा एकाच विषयाच्या रुग्णालयांना त्यातही सवलत देता येते. राज्याला हे निकष गरजेप्रमाणे बदलता येतात, म्हणून अर्जाआधी राज्यात या योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या जिल्हा समन्वयकाकडून सध्या लागू असलेली निकषांची प्रत मागून घ्या.

खाटांच्या संख्येपेक्षा दोन गोष्टी आधी तपासा. पहिली जागेची : जनरल वॉर्डात खाटेमागे ८० चौरस फूट धरलेले आहेत. ६०० चौरस फुटांच्या वॉर्डात दहा खाटा लावल्या असतील तर पाहणीत त्या सात धरल्या जातील. दुसरी रात्रपाळीची. चोवीस तास डॉक्टर हजर हवा, आणि सूचनांमध्ये पात्र डॉक्टर म्हणजे एमबीबीएस अभिप्रेत आहे. लहान गावांत रात्री बीएएमएस किंवा बीएचएमएस निवासी डॉक्टर (आरएमओ) असतात. त्यांच्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे, पण ड्यूटी रजिस्टरवर रात्री एकही एमबीबीएस नसेल तर शेरा पडतो. ही व्यवस्था अर्जाआधी लावा.

आता क्रम. रुग्णालयाच्या वतीने काम पाहणाऱ्या व्यक्तीने आधी आधारच्या ओटीपीवर आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये स्वतःचा आयडी काढायचा. मग रुग्णालयाची नोंद हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत, म्हणजे आरोग्यसंस्थांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, करायची. त्यातून रुग्णालयाचा कायमचा क्रमांक मिळतो. तो घेऊन हॉस्पिटल एम्पॅनलमेंट मॉड्यूलमध्ये, म्हणजे ‘हेम’वर, अर्ज भरायचा : मूळ माहिती, सेवा आणि विषय, जागा व यंत्रे, मनुष्यबळ, बँक, परवाने. यानंतर जिल्हा समिती पाहणी करते, राज्य समिती निर्णय देते आणि मग करार होतो. पोर्टलचे लॉगिन आणि आरोग्यमित्र (रुग्णालयात बसून रुग्णांना मदत करणारा योजनेचा प्रतिनिधी) त्यानंतर. योजनेची पाटी मात्र करार हातात पडल्यावरच लावा.

प्रश्न : सगळी कागदपत्रे जोडूनही अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत आला. शेरा एवढाच : ‘माहितीत तफावत’. तफावत शोधायची कुठे? – व्यवस्थापक, नर्सिंग होम, सोलापूर

बहुतेक वेळा ती तीन ठिकाणी सापडते : खाटा, नाव आणि मुदत.

खाटांचे उदाहरण घ्या. समजा नर्सिंग होम नोंदणीवर १५ खाटा आहेत. नंतर वरच्या मजल्यावर पाच वाढवल्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैववैद्यकीय कचऱ्याचे अधिकारपत्र १५ खाटांचेच राहिले. अर्जात मात्र कॅज्युअल्टीतले चार स्ट्रेचर धरून २४ लिहिले. तपासणाऱ्यासमोर एकाच इमारतीचे तीन आकडे येतात आणि तो अर्ज पुढे सरकवू शकत नाही. यावर इलाज एकच : नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तोच आकडा भरायचा. २० खाटा हव्या असतील तर आधी नोंदणी वाढवून घ्या, मग त्या प्रतीवर कचऱ्याचे अधिकारपत्र बदलून घ्या (२०१६ च्या नियमांनुसार बदल झाल्यास नवा अर्ज करावाच लागतो), आणि शेवटी रजिस्ट्रीतली नोंद दुरुस्त करा. थोडे थांबावे लागेल, पण अर्ज तीनदा परत येण्यापेक्षा ते परवडते. स्ट्रेचर, डायलिसिसच्या खुर्च्या, लेबर टेबल हे खाटांत धरू नका.

नावाचे तसेच. नोंदणीवर ‘नर्सिंग होम’, पाटीवर ‘मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल’, पॅनवर डॉक्टरांचे स्वतःचे नाव आणि चेकवर तिसरेच काही. मालकी एकट्याची असेल तर पॅन डॉक्टरांच्या नावे असणारच, त्यात गैर काही नाही. पण बँक खात्यावर नोंदणीतले नाव अक्षरशः तसेच हवे, आणि मालकी दाखवणारा कागद जोडलेला हवा. भागीदारी किंवा ट्रस्ट असेल तर पॅनही संस्थेचाच लागतो.

मुदतीत सर्वांत जास्त फटका अग्निसुरक्षेचा बसतो. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत लागते. अनेक जण जुनी एनओसी जोडतात आणि हे विसरतात. नर्सिंग होम नोंदणी ३१ मार्चला संपते, त्यामुळे फेब्रुवारीत भरलेला अर्ज एप्रिलमध्ये पाहणीला येईपर्यंत ती कालबाह्य झालेली असू शकते. सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखालचे नोंदणी प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी ३० दिवस द्यायचा असतो. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना हवा. डॉक्टरांच्या मेडिकल कौन्सिल नोंदणीची तारीखही बघा. भूलतज्ज्ञांची हमखास राहून जाते.

आणि एक : बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना ‘पूर्णवेळ’ दाखवू नका. त्यांचा नोंदणी क्रमांक दुसऱ्या रुग्णालयाच्या अर्जातही असतो. व्हिजिटिंग दाखवा आणि संमतिपत्र जोडा.

प्रश्न : स्वतःची रुग्णवाहिका, लॅब, मेडिकल स्टोअर हवेच का?

नाही. करार करून बाहेरून घेता येते. कराराची मुदत, दोन्ही बाजूंच्या सह्या आणि चोवीस तास सेवेचा उल्लेख असू द्या. रक्तपेढीशीही असाच करार करा.

प्रश्न : शासनाच्याच एका विभागाने दिलेला परवाना दुसऱ्या विभागाला पुन्हा स्कॅन करून द्यायचा. ही प्रक्रिया सोपी का होत नाही? – निवृत्त आरोग्य अधिकारी, सातारा

आमचेही मत हेच आहे की एक कागद एकदाच मागावा. रजिस्ट्रीचा क्रमांक आणला तो त्यासाठीच. पण त्या क्रमांकामागे नर्सिंग होम नोंदणी, प्रदूषण मंडळ, अग्निशमन आणि मेडिकल कौन्सिल यांच्या नोंदी थेट जोडल्या गेल्या, तरच रुग्णालयाचे ओझे उतरेल. मुदत संपत आल्याची सूचना पोर्टलनेच द्यावी. शेऱ्यातही ‘माहितीत तफावत’ एवढेच न लिहिता कोणत्या कागदावर कोणता आकडा वेगळा आहे ते लिहावे. या शेवटच्या सुधारणेला तर नवे सॉफ्टवेअरही लागत नाही.

प्रत्यक्ष पाहणी मात्र कमी करू नये. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात काही रुग्णालये किमान निकष पूर्ण नसतानाही यादीत आढळली होती. खाटा, शस्त्रक्रियागृह, ऑक्सिजन, रात्रीचा डॉक्टर हे डोळ्यांनी बघावेच लागते. सोपेपणा कागदात हवा. रुग्णाच्या सुरक्षिततेत सूट नको.

प्रश्न : ‘एनएबीएच’ (रुग्णालयाच्या गुणवत्तेचे मानांकन) घेतल्याने काही फायदा होतो का?

होतो. केंद्राच्या दररचनेत प्रवेशस्तरीय प्रमाणपत्राला पॅकेजवर, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दरावर, १० टक्के आणि पूर्ण मानांकनाला १५ टक्के वाढ ठेवलेली आहे. आकांक्षित जिल्ह्यांसाठी (केंद्राने निवडलेले मागे राहिलेले जिल्हे) आणखी १० टक्के. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. तुमच्या करारासोबतच्या दरपत्रकात ती वाढ आली आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचा. दावे राज्यातल्या रुग्णाचे १५ दिवसांत आणि परराज्यातल्या रुग्णाचे ३० दिवसांत चुकते करायचे, अशी केंद्राची मुदत आहे. डिस्चार्जची कागदपत्रे उशिरा चढवली तर पैसेही उशिरा येतात.

प्रश्न : रुग्णालयाला योजनेची पाटी आहे, पण ‘हाडांचे ऑपरेशन योजनेत करत नाही’ असे सांगितले. असे चालते का? – एक वाचक, बीड

अंगीकरण विषयवार होते, त्यामुळे त्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग नोंदलेला आहे का, हे आधी आरोग्यमित्राकडे विचारा. विभाग रुग्णालयात चालू असेल आणि फक्त योजनेच्या रुग्णांना नाकारत असतील, तर ते केंद्राच्या सूचनांविरुद्ध आहे. उपलब्ध असलेले सर्व विषय योजनेत द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. काही उपचार मात्र शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव असतात. तसे कारण सांगितले गेले तर पॅकेजचे नाव लिहून घ्या आणि योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर खात्री करा. आयुष्मान कार्डासाठी १४५५५ हा क्रमांकही चालतो. तक्रार करताना रुग्णालयाचे नाव, तारीख, वेळ आणि कोणी नकार दिला त्याचे पद सांगा, आणि तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.