वेअरवुल्फचे माझे आवडते पिक्चर आणि ते डोक्यातून का जात नाहीत

तुम्ही विचारलंय की वेअरवुल्फवरचे, म्हणजे पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणाऱ्या माणसावरचे, कोणते पिक्चर आवडतात आणि ते लक्षात का राहतात. माझं पहिलं नाव 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन', १९८१ चा, जॉन लँडिसचा, आणि यावर मी कोणाशीही तासभर भांडू शकतो. (खाली शेवट सांगितलेत, त्यामुळे बघायचे असतील तर आधी बघून या.)

त्यातल्या ट्रान्सफॉर्मेशनच्या सीनबद्दल सगळेच बोलतात आणि बरोबरच आहे. जुन्या पिक्चरमध्ये नटाला एका जागी बसवायचे, थोडे केस चिकटवायचे, शॉट घ्यायचा, परत थोडे केस, परत शॉट, आणि मग ते सगळे शॉट एकात एक विरघळवायचे, झाला लांडगा. इथे लांडगा चावलेला हिरो डेव्हिड घरात पुस्तक वाचत बसलाय, लाइट चालू आहेत, काही लपवायला अंधारच नाही, आणि एकदम अंगाची आग होतेय म्हणून ओरडत तो कपडे काढून फेकतो, मग त्याचा पंजा आपल्या डोळ्यांसमोर ताणला जातो, पाठीचा कणा वर येतो, तोंड पुढे येतं, आणि मागे सॅम कुकचं निवांत 'ब्लू मून' चालू. मेकअपवाल्या रिक बेकरने हे सगळं रबर आणि यंत्रं वापरून प्रत्यक्ष केलंय, कॉम्प्युटर कुठेच नाही. मेकअपचं ऑस्कर नियमित कॅटेगरी म्हणून त्याच वर्षीपासून सुरू झालं आणि पहिलं बेकरलाच मिळालं. बघताना भीतीच्या आधी दुखतं, हाडं मोडल्यासारखं दुखतं, आणि तेच त्याचं मोठेपण आहे.

पण मला त्याहून जास्त फोन बूथचा सीन आठवतो. डेव्हिडला आता कळलंय की रात्री माणसं आपणच मारली, मेलेला मित्र जॅक दर वेळी आणखी सडलेल्या अवस्थेत येऊन सांगतोय की बाबा तू मेल्याशिवाय आमची सुटका नाही, आणि हा घरी अमेरिकेला फोन लावतो तर आईबाबा घरी नसतात, लहान बहीण फोन उचलते. तो तिला सांगतो की आईबाबांना सांग, माझं त्यांच्यावर प्रेम आहे. मग खिशातला चाकू काढून मनगटाला लावतो आणि त्याला ते जमत नाही. एवढासाच सीन आहे, लांडगा कुठे दिसतसुद्धा नाही, पण अख्ख्या पिक्चरचा जीव तिथे आहे असं मला वाटतं. व्हॅम्पायरला बरेचदा आपण जे आहोत ते आवडत असतं, वेअरवुल्फ मात्र सकाळी परत साधा माणूस होतो आणि त्याला रात्रीचं ओझं घेऊन जगायचं असतं. ज्या पिक्चरला ही सकाळ नीट दाखवता आली तो लक्षात राहतो, बाकीच्यात नुसते दात आणि केस.

१९४१ चा 'द वुल्फ मॅन' याच कारणासाठी आजही बघावा. हिरो लॅरी म्हणजे लॉन चॅनी ज्युनियर, मेकअप जॅक पियर्सचा. आज तो मेकअप बघून कोणी दचकणार नाही, पण लॅरी वडिलांना म्हणतो की चांदीच्या मुठीची ती काठी सोबत ठेवा, वडिलांना वाटतं पोराचं डोकं फिरलंय, त्याला खुर्चीला बांधून ते बाहेर पडतात, आणि शेवटी त्याच काठीने समोरच्या लांडग्याला मारतात आणि समोर पडलेला असतो स्वतःचा मुलगा. वडील झालेल्या क्लॉड रेन्सचा तो चेहरा बघा फक्त. आणि गंमत म्हणजे माणूस लांडगा कधी होतो हे सांगणाऱ्या त्यातल्या प्रसिद्ध कवितेत पौर्णिमा नाहीच, शरदातला लख्ख चंद्र आहे, ती कविता पिक्चरचा लेखक कर्ट सिओडमाकने स्वतः लिहिलेली, लोकांना ती जुनी लोककथेतली वाटते. पौर्णिमा आली १९४३ च्या पुढच्या भागात.

तिसरा 'जिंजर स्नॅप्स', २०००, कॅनडाचा, आणि हा फार कमी लोकांनी बघितलाय याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन बहिणी, जिंजर आणि ब्रिजिट, एकमेकींशिवाय जगात कोणी नाही. जिंजरला पहिली पाळी येते त्याच रात्री तिला लांडगा चावतो, आणि मग अंगावर येणारे केस, राग, मुलांकडे ओढा, यातलं वयात येणं कुठलं आणि लांडगा कुठला हे तिलाही कळत नाही आणि आईला तर सगळं नॉर्मलच वाटतं. इथे एका रात्रीत काही होत नाही, दिवसेंदिवस हळूहळू बहीण हातातून निसटत जाते. ब्रिजिट औषध शोधते, तिला वाचवायला तिचं रक्त स्वतःच्या अंगात घेते, आणि शेवटी चाकू ब्रिजिटच्याच हातात असतो. कॅथरीन इझाबेल आणि एमिली पर्किन्स दोघींनी काय काम केलंय!

'द हाउलिंग' पण १९८१ चाच, त्यातले इफेक्ट बेकरच्याच शिष्याचे, रॉब बॉटिनचे, शेवट जबरदस्त, बाकी मधे जरा रेंगाळतो. 'डॉग सोल्जर्स' (२००२) मध्ये स्कॉटलंडच्या जंगलातल्या एका घरात अडकलेले सैनिक आणि संपत चाललेल्या गोळ्या, मित्रांसोबत बघायला एक नंबर. आपला 'भेडिया' (२०२२) घ्या, जंगल तोडून रस्ता करायला निघालेल्यालाच लांडगा चावतो ही कल्पना मला फार आवडली, फक्त विनोद इतके आहेत की भीती साचत नाही. २०१० च्या 'द वुल्फमॅन'ला मेकअपचं ऑस्कर मिळालं, बेकरच होता, पण बदलाचे सीन कॉम्प्युटरवर केले आणि तिथेच माझा रस संपला.

एकच बघणार असाल तर लँडिसचा बघा. तो आवडला तर लगेच दुसऱ्या दिवशी 'जिंजर स्नॅप्स' लावा, आणि त्याचे २००४ मध्ये आलेले दोन भाग पहिला बघून झाल्यावरच.