तीन पायांची किटली

प्रश्न : मुलाने शांघायहून मातीची लहानशी किटली आणली आहे. रंग जांभळट-विटकरी, वर झिलई नाही. बुडाशी रुंद, वर निमुळती, तोटी सरळ, कान त्रिकोणी आणि खाली तीन बारीक पाय. या घाटाला काही नाव आहे का? आणि यात आपला आलं घातलेला दुधाचा चहा ओतून ठेवला तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तीन पाय वाचले तिथेच ओळखली. हा ‘शी प्याव’ घाट. नाव ऐकून घरातली पोरं खिदळतील. पण चिनीत इथला ‘शी’ म्हणजे दगड आणि ‘प्याव’ म्हणजे भोपळा चिरून केलेलं पाणी काढायचं भांडं.

या किटल्यांचं माहेर यीशिंग, चीनच्या ज्यांगसू प्रांतातलं, ‘ताई’ नावाच्या सरोवराजवळ. शेजारच्या लीयांगला चेन मानशंग (१७६८–१८२२) नावाचा अधिकारी होता. कवी आणि चित्रकारही. तो घाट सुचवायचा, यांग पंगन्येन हा कारागीर ते मातीत उतरवायचा, वर चार ओळी कोरल्या जायच्या. ‘शी प्याव’ त्याच जोडीमुळे गाजला.

गंमत म्हणजे यात चाक नाही. आपला कुंभार माठ आधी चाकावर काढतो, मग थापटतो. तिथे मातीची पट्टी थापून तिचा नळा करतात आणि आत बोटं धरून बाहेरून थापीने हलके हलके वळवतात. मी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा लोणच्याची बरणी झाली.

घाट पुष्कळ आहेत: चौकोनी, भोपळ्यासारखे फाकांचे, झाडाच्या खोडासारखे. मिंग राजघराण्याच्या काळातल्या गोंगचुन या नोकराची किटली तर गिंको झाडाच्या गाठीवरून केलेली, असं सांगतात. गोल गुबगुबीत ‘शीशर’ला एका सुंदरीचं नाव आहे. मला मात्र तुमचीच आवडते. उगाच नटलेली नाही.

आता दुधाचं. नको! झिलई नसल्याने माती चहा पिते, दूधही पिईल, आणि मग आंबूस वास जाता जात नाही. पत्तीचा कोरा चहा करा, तोही शक्यतो एकाच जातीचा. साबण लावू नका. दूध आधीच ओतून झालं असेल, तर गरम पाण्याने चार-पाचदा विसळा आणि झाकण काढून दोन दिवस वाऱ्यावर ठेवा.