मूल चिडलेलं किंवा रडवेलं असताना त्याला चित्र काढायला दिल्याने खरंच फरक पडतो का?

हो, पडतो. पण "राग कागदावर उतरवला की निघून जातो" ही आपली समजूत तितकीशी खरी नाही. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना मन खट्टू करणारा प्रसंग आठवायला सांगितला. मग काहींनी तोच प्रसंग काढला, काहींनी दुसरंच काहीतरी. दुसरंच काही काढणाऱ्यांचा मूड जास्त सुधारला. म्हणून मूल धुमसत असताना "काय झालं ते काढून दाखव" म्हणून मागे लागू नका. डायनासोर काढायचाय? काढू दे.

माझी मुलगी चार वर्षांची असताना रागात खडू इतका दाबायची की कागद फाटायचा. दुसऱ्या कागदावर गोल गोल रेघोट्या सुरू व्हायच्या, हळूहळू पकड सैल पडायची, आणि मग ती आपणहून बोलायला लागायची. तोवर मी नुसती शेजारी बसून राहायचे. एवढ्याशा मुलांकडे "मला एकटं वाटलं" म्हणायला शब्द कुठे असतात? बोट दाखवायला चित्र असलं की बोलणं सोपं जातं.

"हे काय काढलंस?" ऐवजी "याची गोष्ट सांग ना" म्हणा. छान-वाईट ठरवू नका, दुरुस्त तर अजिबात करू नका. काळा रंग वापरला म्हणून लगेच घाबरूही नका, कदाचित तोच खडू हाताशी असेल. मात्र तेच भीतीदायक चित्र आठवडेच्या आठवडे येत असेल आणि झोप, खाणंही बिघडलं असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा.