ठिपके फिके पडताहेत, मग सीएमव्हीची तपासणी करायची का?

बाळ सहा दिवसांचं आहे, जन्मतः अंगावर बारीक जांभळे ठिपके होते, ते आता विरताहेत, मग डॉक्टरांनी सांगितलेली लघवीची सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस, आईच्या पोटातच बाळाला लागू शकणारा विषाणू) तपासणी करावी का, असं तुम्ही विचारलंय. करा, आणि याच आठवड्यात करा.

नवजात बाळांच्या विभागात बरीच वर्षं नर्स होते, म्हणून इतकं ठाम सांगतेय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठणारं लाल पुरळ आम्ही रोज बघायचो. ते आपोआप जातं. त्यावर काचेचा पेला हलकेच दाबला की लाली जाते. तुम्ही वर्णन केलेले ठिपके दाबूनही तसेच राहतात, कारण रक्त त्वचेत झिरपलेलं असतं. विषाणूमुळे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटल्या की असं होतं. (नाळेचा वेढा मानेला बसला असेल तर नुसत्या चेहऱ्यावरही येतात, त्याची काळजी नको.)

ठिपक्यांऐवजी निळसर-जांभळे, हाताला लागणारे उंचवटे असतील तर डॉक्टर त्याला ‘ब्लूबेरी मफिन’ म्हणतात. नाव खाऊचं, पण प्रकरण गंभीर. गर्भात काही महिने त्वचेतही रक्तपेशी बनतात आणि जन्माच्या बऱ्याच आधी ते काम थांबतं. सीएमव्ही किंवा रुबेला (जर्मन गोवर) असेल तर ते चालूच राहतं. क्वचित रक्ताचा कर्करोगही असाच दिसतो, म्हणून रक्ततपासणी सोडायची नाही. आणि हे उंचवटेही काही आठवड्यांत विरतात! त्वचा साफ झाली म्हणजे विषाणू गेला, असं नाही.

घाई अशासाठी, की नमुना पहिल्या 21 दिवसांत घेतला तरच संसर्ग आईच्या पोटातला की जन्मानंतरचा हे ठरतं. लाळेचा नमुना देणार असाल तर दूध पाजल्यावर तासभर थांबा. आईच्या दुधातही हा विषाणू असू शकतो.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर कानांवर लक्ष ठेवा. जन्मतः ऐकू येणाऱ्या मुलांचंही ऐकणं पुढे कमी होऊ शकतं, त्यामुळे एक चाचणी पास झाली म्हणून पुढच्या चुकवू नका. औषध द्यायचं ठरलं तर ते साधारण पहिल्या महिन्यात सुरू करतात.

एक मात्र वेगळं: अंगावर पाण्याने भरलेले फोड दिसले तर रिपोर्टची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हर्पिस (हा वेगळा विषाणू) असेल तर शिरेतून औषध लागतं, आणि बाळ तोवर अगदी ठणठणीत दिसू शकतं.