मोटारीच्या आधी रस्त्यावर वाफेच्या गाड्या धावत होत्या का? मग त्या मागे का पडल्या?

धावत होत्या, आणि चांगल्या धावत होत्या. ‘वाफ रुळांवरच शोभते, रस्त्यावर तिचं कधी जमलंच नाही’ असं सांगणाऱ्याने बॉयलरसमोर एक दिवसही काढलेला नसतो. माझे मामा हेच म्हणायचे. त्यांचं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं आणि माझे वडील बांधकाम खात्यात वाफेच्या रोलरवर होते. समोर पितळी घोडा असलेला तो रोलर.

१९७४ च्या उन्हाळ्यात फलटणकडे खडी दाबायचं काम चालू होतं. मी नऊ वर्षांचा, शाळेला सुट्टी. वडील पहाटे चारला आग घालायचे, कारण वाफ धरायला दोन-अडीच तास लागतात. मी डबा घेऊन जायचो आणि मग माझ्याकडे एकच काम असायचं: गेजच्या काचेवर, म्हणजे बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या नळीवर, नजर ठेवायची. पाणी अर्ध्याच्या खाली गेलं की हाक मारायची. एके दिवशी पाण्याचा टँकर आलाच नाही. दुपारी पाणी काचेच्या तळाला टेकलं. मुकादम म्हणत होता, एवढा पट्टा उरकून घ्या. वडिलांनी रोलर थांबवला, पेटती आग ओढून रस्त्याकडेला काढली आणि वर माती लोटली. तो दिवस बुडाला. त्या दिवसाचा पगार कापला गेला, शिवाय सरकारी कोळसा वाया घालवल्याबद्दल लेखी खुलासा मागितला गेला. वडिलांनी एका ओळीत लिहून दिलं: ‘पाणी नव्हते म्हणून आग काढली.’

घरी मामा म्हणाले, ‘बघा, म्हणून सांगतो. गाडी नाही ती, चूल आहे.’

आता १८०१ चं ऐका. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या कॅम्बोर्नला रिचर्ड ट्रेव्हिथिकने २४ डिसेंबरला आपली वाफगाडी माणसं बसवून चढावर नेली. जास्त दाबाची वाफ वापरली म्हणून इंजिन लहान झालं आणि रस्त्यावर मावलं. जेम्स वॉटचा अशा दाबाला विरोध होता. चारच दिवसांनी ती गाडी वाटेत बिघडली. मंडळींनी ती आडोशाला लावली आणि आग तशीच ठेवून खाणावळीत जेवायला गेली. पाणी आटलं, लोखंड लाल झालं, गाडी जळून गेली. ट्रेव्हिथिक थोर माणूस होता, पण त्या दिवशी तिथे माझे वडील असते तर गाडी वाचली असती, एवढं मी ठामपणे म्हणतो.

त्याच्याही आधी फ्रान्समध्ये निकोला-जोझेफ क्युन्यो या लष्करी इंजिनिअरने तोफा ओढायला तीनचाकी वाफगाडी केली होती. छोटी १७६९ मध्ये, मोठी १७७० मध्ये. मोठी आजही पॅरिसच्या संग्रहालयात आहे. वेग ताशी जेमतेम चार किलोमीटर, आणि पाव तासात वाफ संपायची. अख्खा बॉयलर पुढच्या एकट्या चाकावर लटकवलेला. कार्ल बेंझचं पेट्रोल मोटारीचं पेटंट १८८६ चं, म्हणजे मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली. परीक्षेत पहिली मोटार बेंझची असं लिहा, मार्क मिळतील. पण रस्त्यावर पहिल्यांदा स्वतःच्या बळावर माणसं घेऊन चाललेली गाडी वाफेचीच होती.

मागे का पडल्या? १८३१ मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टर ते चेल्टनम या नऊ मैलांवर सर चार्ल्स डान्स यांनी चार महिने वाफगाडीची नियमित सेवा चालवली. जवळपास तीन हजार माणसं बसली. मग रस्त्यावर दगडांचा जाड थर पसरला गेला आणि आस मोडला. वर टोल असा की घोडागाडीला परवडेल, वाफगाडीला नाही. त्याच वर्षी पार्लमेंटच्या समितीने वाफगाड्यांच्या बाजूने अहवाल दिला, पण टोल उतरला नाही, आणि तोवर रेल्वेचं युग सुरू झालं होतं. पुढे अशा गाडीच्या समोर लाल निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे असा कायदा आला, लोक सगळं खापर त्याच्यावर फोडतात. तो १८६५ चा. डान्स यांची गाडी त्याच्या चौतीस वर्षं आधीच बंद पडली होती.

मामा म्हणायचे, वाफेला वेग नाही. १९०६ मध्ये फ्लोरिडाच्या वाळूवर स्टॅन्ली वाफगाडी ताशी दोनशे किलोमीटरच्या वर गेली.

एक मान्य करतो. आग घालायला पहाटे उठावं लागतं, सतत पाणी लागतं, आणि किल्ली फिरवली की निघाली अशी ती गाडी नव्हती. पेट्रोलने तिथे बाजी मारली हे खरंच आहे. बॉयलर फुटायचेही. १८३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये ग्लासगो-पेझ्ली रस्त्यावर चाक मोडून गाडी बॉयलरवर बसली आणि पाच जण गेले. पण तिथेही रस्त्यावर खडीचे ढीग होते.

मामा आता नाहीत. गॅरेज मामेभाऊ चालवतो, आणि हे उत्तर मी त्यालाही पाठवतो आहे.