हेमाडपंती, हेमाडपंथी की जखणाचारी?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आला आहे. गावातल्या जुन्या दगडी देवळाचा जीर्णोद्धार चालू आहे आणि त्यानिमित्त स्मरणिका निघणार आहे. लेख लिहिणाऱ्यानं ‘आमचं हेमाडपंती मंदिर’ असं लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्यानं ते ‘हेमाडपंथी’ केलं. समितीतली कन्नड बोलणारी मंडळी म्हणतात, हे जखणाचारीचं काम, आमच्या आज्जापासून आम्ही हेच ऐकत आलोय. छापायला जाण्याआधी कुठला शब्द ठेवायचा आणि का, असं विचारलं आहे.

सोपी गोष्ट आधी. ‘हेमाडपंती’ बरोबर, ‘हेमाडपंथी’ चूक. इथं पंथाचा काही संबंध नाही. मूळ नाव हेमाद्रि. बोलण्यात ‘द्र’चा ‘ड’ होऊन हेमाद्रीचा झाला हेमाड, आणि पंडिताचा झाला पंत. जुन्या लिखाणात ‘हेमाडपंडित’ असंही येतं. कोल्हापूरची ती कोल्हापुरी, तशी हेमाडपंताची ती हेमाडपंती. विषय देवळाचा असला की नाथपंथी, कबीरपंथी, वारकरी पंथ हे शब्द आपोआप आठवतात आणि ‘त’चा ‘थ’ होतो. मोठमोठ्या फलकांवरही ही चूक आहे, म्हणून ती बरोबर होत नाही.

हे हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादवांचे श्रीकरणाधिप, आजच्या बोलीत सांगायचं तर दफ्तरखान्याचे मुख्य अधिकारी. महादेव यादव १२६०च्या सुमारास गादीवर आला, त्याच्या आणि नंतर रामचंद्राच्या दरबारात ते होते. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्यांचा थोरला ग्रंथ. तो धर्मशास्त्राचा आहे, शिल्पशास्त्राचा नव्हे. त्याच्या व्रतखंडाच्या सुरुवातीला यादवांची वंशावळ दिली आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकांना तीच फार मोलाची वाटते. मोडी लिपी त्यांनी आणली, बाजरी त्यांनी आणली, असंही लोक सांगतात. महाराष्ट्रात जुनं आणि कर्ता ठाऊक नसलेलं बरंच काही त्यांच्या नावावर जमा झालं, त्यात देवळंही आली.

आता सनावळ्या ताडून बघा. अंबरनाथच्या शिवमंदिराला सर्रास हेमाडपंती म्हणतात. तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे १०६०चा. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षं. आपल्याकडचं बघायचं तर हलशीच्या भूवराह-नरसिंह देवळातला गोव्याच्या कदंबांचा लेख ११६९चा. कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायण ११७४चं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ची, सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्याच्या काळात त्याच्या मंत्र्यानं, बीचिराजानं, बांधलेली. ती तर जैन बस्ती, म्हणजे जैनांचं मंदिर. तरी आपल्यातलेच लोक पाहुण्यांना किल्ला दाखवताना ‘ही हेमाडपंती बस्ती’ म्हणतात. आपल्याकडचं यातलं प्रत्येक बांधकाम उभं राहून पन्नास ते शंभर वर्षं लोटल्यावर हेमाद्रीच्या हाती कारभार आला.

मग हा शब्द लोकांच्या तोंडी कशासाठी आहे? अर्थ विचारा, बहुतेकजण एकच सांगतील : चुना न घालता दगडावर दगड बसवून केलेलं काळ्या दगडाचं देऊळ. हे लक्षण खरं आहे. पण ते एकट्या हेमाडपंतांचं नाही. दख्खनमध्ये त्या काळी दगडी देवळं अशीच बांधायचे. कर्नाटकातली बेलूर, हळेबीड, लक्कुंडीची देवळं, सगळी सुकी जुळणी. दगड असा घडवायचा की सांधा लागोलाग मिळावा, जिथं सरकायची भीती तिथं एकात खाच आणि दुसऱ्यात कुसू ठेवायचं, बाकीचं काम वरच्या वजनानं करायचं. छताची रीतही बघण्यासारखी असते. चार तुळयांच्या चौकोनावर कोपऱ्यांत तिरके दगड टाकून आतला चौकोन लहान करायचा, त्यावर पुन्हा तिरके, आणि शेवटी उरलेल्या तोंडावर एक शिळा. कमल बस्तीत ही कला फार पुढं गेलेली आहे. मंडपाच्या मधोमध उभं राहून मान वर केली की पाकळ्यांचं एकेक वलय आत सरकत जातं आणि मधून उलटं कमळ खाली लोंबतं. आठशे वर्षं ते तसंच टिकून आहे. बस्तीचं नावही त्या कमळावरूनच पडलं.

तेव्हा ‘चुना नाही’ म्हणून देऊळ हेमाडपंती, हे म्हणणं ‘भिंती आहेत’ म्हणून घर आमचं, असं म्हणण्यासारखं होतं.

आता जखणाचारी. कन्नडात जकणाचारी किंवा जक्कणाचारी, आपल्या मराठी तोंडी जखणाचारी. आचार्यचं ‘आचारी’. आपल्याला आचारी म्हटलं की लग्नातला स्वयंपाक आठवतो, कन्नडात मात्र आचारी म्हणजे कारागीर : सुतार, सोनार, पाथरवट. खाली गोव्यात ‘चारी’ हे आडनाव आहे, ते याच घरातलं. ‘जक्क’ म्हणजे यक्ष. आपल्या जाखाई, जखीण या शब्दांतही तोच यक्ष आहे. ‘दक्षिणाचार्य’चं जक्कणाचारी झालं असावं, म्हणजे हे एका माणसाचं नाव नसून दक्षिणी शिल्पींचं नाव असावं, असाही एक तर्क आहे. मला तो ध्वनीच्या अंगानं ओढूनताणून आणलेला वाटतो, पण अर्थाच्या अंगानं विचार करण्याजोगा आहे.

जखणाचारीची कथा तुमच्या समितीतल्या कुणाही वडीलधाऱ्याला येत असेल. तुमकूरजवळचं कैदाळ त्याचं गाव. बेलूरला मूर्ती घडवताना एक अनोळखी पोरगा म्हणतो, या दगडात दोष आहे. जखणाचारी म्हणतो, दोष निघाला तर हात तोडून देईन. मूर्तीला गंध फासतात, सगळीकडचं सुकतं, बेंबीपाशी ओलं राहतं, तिथं टाकी मारली तर आतून बेडूक आणि पाणी. पोरगा त्याचाच मुलगा डंकण निघतो. हात तोडला जातो, पुढं कैदाळला देवकृपेनं परत येतो. ‘कै’ म्हणजे हात, त्यावरून गावाचं नाव सांगतात. बेलूरला ‘कप्पे चेन्निगराय’ नावाचं देऊळ आहे, कप्पे म्हणजे बेडूक. कथा सुंदरच आहे. कर्नाटक सरकार शिल्पकारांना जकणाचारी नावानं पुरस्कारही देतं. पण बेलूरच्या शिल्पांखाली कारागिरांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत, बळ्ळिगावीचा दासोज, त्याचा मुलगा चावण असे कितीतरी, आणि त्यांत जखणाचारी नाही.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथंच दिसतं. इंग्रजी अमदानीतली मुंबई इलाख्याची गॅझेटियरं, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ, चाळली तर नाशिक-नगर-खानदेशाकडं जुनं देऊळ आलं की हेमाडपंती, आणि बेळगाव-धारवाडकडं आलं की जखणाचार्याचं. साहेबांनी गावकऱ्यांना विचारलं, गावकऱ्यांनी सांगितलं, तसं उतरलं. म्हणजे दोन्ही नावांचं काम एकच : कर्ता विसरला गेलेलं जुनं दगडी देऊळ. मराठीत त्याचा कर्ता हेमाडपंत, कन्नडात जखणाचारी. दोन्ही भाषा जिथं एकाच गल्लीत नांदतात त्या आपल्या भागात एकाच देवळाला दोन्ही कर्ते मिळाले. तुमच्या समितीतले दोन्ही गट आपापल्या आज्जाचं खरं सांगतायत. त्यावर भांडण करू नका. ‘देऊळ’ आणि कन्नड ‘देगुल’ हे दोन्ही शब्दसुद्धा एकाच ‘देवकुल’चे.

पण यातून खऱ्या कर्त्यांवर अन्याय होतो, हे मात्र मला मनापासून लागतं. देगावचं उदाहरण घ्या. ते कुणी बांधलं हे लेखात कोरलेलं आहे. गोव्याचा कदंब राजा शिवचित्त पेर्माडी, त्याची राणी कमलादेवी. तिनं ते बांधवलं, देवाच्या नावात तिचं नाव आहे. घडवणारा शिल्पी तिप्पोज. लेख नागरीत आहे आणि जुन्या कन्नड लिपीतही आहे, म्हणजे लिपीवरून भांडायची सोयच राणीनं ठेवलेली नाही. एका ओळीत तीन गाभारे, त्यांच्यापुढं एकच लांबलचक मंडप, कातीव खांब, कक्षासनाची, म्हणजे मंडपाच्या कडेच्या दगडी बाकाची, नक्षीनं भरलेली पाठ. खांब जवळून बघा. दगड फिरवून त्यावर धार धरल्याशिवाय इतकी समान, इतकी बारीक वलयं येत नाहीत. असं काम मऊ दगडातच होतं, सह्याद्रीच्या कठीण बसाल्टात नाही. नाशिककडच्या देवळांचा आणि आपल्याकडच्या या घडणीचा एक मोठा फरक हाच. राणी ठाऊक, शिल्पी ठाऊक, साल ठाऊक, आणि तरी माहितीत ‘हेमाडपंती’ एवढंच लिहून मोकळं व्हायचं, हे बरं नाही.

तिप्पोज, दासोज, यांतल्या ‘ओज’कडंही लक्ष द्या. उपाध्यायापासून प्राकृतात ओज्झा, त्यातून उत्तरेकडचं ओझा, आणि कन्नडात ‘ओज’ म्हणजे गुरू, आणि पुढं शिल्पीही. लेखाच्या शेवटी ‘ओज’नं संपणारं नाव दिसलं तर ते बहुधा कारागिराचं, दात्याचं नव्हे.

‘हेमाडपंती’ आपल्या भागात कधीच लागू होत नाही, असं मात्र म्हणू नका. यादवांचं राज्य इथं होतंच. सिंघण यादवाचा सेनापती बीचण यानं तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सौंदत्तीच्या रट्टांचं राज्य संपवलं. मनोळीच्या पंचलिंगेश्वराकडं सिंघणाच्या काळातला लेख आहे. कृष्णेच्या पलीकडं, जुगूळसमोरच्या खिद्रापूरला, शिलाहार राजांच्या काळातल्या कोपेश्वराला सिंघणानंच दान दिल्याचा लेख आहे. तुमचं देऊळ रामचंद्र यादवाच्या काळातलं निघालं तर काळाच्या अर्थानं त्याला हेमाडपंती म्हणायला कुणाची हरकत नसावी. तसा पुरावा हाती हवा, एवढंच.

स्मरणिकेत काय छापायचं? बोलताना दोन्ही नावं खुशाल वापरा, लोकांची नावं आहेत ती. लेखात मात्र असं लिहा : ‘चुन्याविना बांधलेलं हे जुनं दगडी देऊळ गावात मराठीत हेमाडपंती आणि कन्नडात जखणाचारीचं म्हणून ओळखलं जातं.’ पुढच्या वाक्यात जे डोळ्यांना दिसतं ते सांगा : किती गाभारे, खांब कातीव की चौकोनी, शिखर आहे की कोसळलं आहे, असल्यास कसं. पायऱ्यापायऱ्यांनी निमुळतं होत गेलेलं, फार नक्षी नसलेलं शिखर असेल तर अभ्यासक त्याला कदंब शिखर म्हणतात, तो शब्द वापरायला हरकत नाही. घराण्याचं नाव मात्र शिलालेख मिळाल्याशिवाय घालू नका.

आणि शिलालेख शोधाच. जीर्णोद्धारात पहिला घाव बहुधा त्याच्यावरच पडतो. गाभाऱ्याच्या द्वारशाखा, म्हणजे दाराची दगडी चौकट, तुळयांच्या कडा, खांबांचे चौकोनी भाग, आवारात उलटी पडलेली किंवा धुण्याला लावलेली शिळा, हे सगळं हातानं चाचपून बघा. वर सूर्य, चंद्र, गाय, लिंग असं काही कोरलेलं असेल तर खाली अक्षरं असणारच असं समजून चुना आणि शेंदूर ओल्या फडक्यानं हळूच काढा. तारेचा ब्रश नको, आम्ल नको, वाळूचा फवारा तर मुळीच नको, आणि ऑइल पेंटचा डबा समितीनं आजच परत करावा. वाचताना चार हजारांच्या घरातला आकडा लागला तर गोंधळू नका, गोव्याचे कदंब कलियुगाचं वर्ष लिहीत. त्यातून ३१०१ वजा केले की आपला सन मिळतो : देगावचं ४२७५, म्हणून ११७४. आकडा शकातला असेल तर ७८ मिळवायचे. तिरप्या उजेडात, सकाळी किंवा संध्याकाळी, फोटो काढा आणि धारवाडला कर्नाटक विद्यापीठाच्या कन्नड संशोधन संस्थेकडं नाहीतर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडं पाठवा. उत्तर येईपर्यंत स्मरणिकेतलं ते पान मागं ठेवता आलं तर ठेवा.