वाचकांचे प्रश्न : खिशाला परवडणारा, डोळ्यांना मानवणारा मॉनिटर

डेस्कटॉपसाठी मॉनिटर घेण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : माझे काम मराठी मजकूर टंकण्याचे, मुद्रिते तपासण्याचे आणि थोडेफार एक्सेलचे. २४ इंची आणि २७ इंची अशा दोन ‘फुल एचडी’ मॉनिटरच्या किमतींत फारसा फरक नाही. मग मोठाच घ्यावा ना?

उत्तर : या कामासाठी नको. दोन्ही पडद्यांवर पिक्सेल तेवढेच आहेत, आडवे १९२० आणि उभे १०८०. २७ इंचीवर ते मोठ्या जागेत पसरवले आहेत, एवढाच फरक. एक्सेलचा एकही जादा रकाना दिसणार नाही, फक्त सगळे मोठे आणि जरा भरड दिसेल. २४ इंचीवर (प्रत्यक्षात तो २३.८ इंच असतो) एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात आणि एकेक पिक्सेल ०.२७ मिलिमीटरचा असतो. २७ इंचीवर हेच आकडे ८२ आणि ०.३१ होतात. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण हातभर अंतरावरून तो जाणवतो.

देवनागरीत तर जास्तच जाणवतो. ११ पॉइंटच्या अक्षरात अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन पिक्सेल येतात. रफार, ऱ्हस्व उकार, ‘द्ध’ किंवा ‘ष्ट्र’सारखी जोडाक्षरे अशाच मोजक्या पिक्सेलांत कोंबलेली असतात. पिक्सेल भरड असले की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ चटकन वेगळे ओळखू येत नाहीत. मुद्रिते तपासणाऱ्याला ही अडचण परवडणारी नाही.

तेव्हा खर्च आवरायचा असेल तर फुल एचडी घ्या आणि २४ इंचांवर थांबा. २७ इंच हवाच असेल तर २५६० बाय १४४० पिक्सेलचा घ्या. तिथे इंचाला १०९ पिक्सेल पडतात, अक्षरे रेखीव दिसतात आणि मजकुराची दोन पाने शेजारी शेजारी मावतात. २७ इंची ४के (३८४० बाय २१६० पिक्सेल) पडद्यावर अक्षर आणखी सुंदर दिसते (इंचाला १६३ पिक्सेल), पण स्केलिंग (अक्षरे-खुणा मोठ्या करून दाखवण्याची सोय) १०० टक्क्यांवर असले तर ते फार बारीक होते. विंडोजमध्ये ते १५० टक्के ठेवावे लागते आणि काही जुने प्रोग्रॅम त्यात धूसर दिसतात. तुमचे टंकलेखनाचे किंवा पानजुळणीचे सॉफ्टवेअर जुने असेल तर ते आधी अशा पडद्यावर चालवून बघा.

प्रश्न : खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’, ‘१ कोटीस एक कॉन्ट्रास्ट’, ‘एचडीआर’ असे बरेच काही छापलेले असते. यातले खरे किती मानायचे?

उत्तर : जे मोठ्या टायपात छापलेले असते ते बहुतेक बाजूला ठेवा. बारीक टायपातल्या तपशिलात पाहण्यासारखे जास्त असते.

पहिल्यांदा पॅनेलचा, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या मूळ पडद्याचा, प्रकार शोधा. स्वस्त गटात तीन भेटतात : टीएन, आयपीएस आणि व्हीए. टीएन सगळ्यांत स्वस्त, पण खालून पाहिले तर चित्र काळवंडते आणि वरून पाहिले तर फिकटते. सरळ बसूनही पडद्याच्या वरच्या आणि खालच्या कडेचा रंग वेगळा दिसतो. तपशिलात पाहण्याचा कोन १७० / १६० अंश लिहिला असेल तर तो टीएन समजा. आयपीएस आणि व्हीएला १७८ / १७८ लिहितात. आयपीएसचे रंग कोन बदलला तरी फारसे बदलत नाहीत, पण खरा कॉन्ट्रास्ट (पांढरे काळ्याच्या किती पट उजळ ते) १००० ला १ च्या आसपास असल्याने अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी वाटतो. व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३००० ला १ च्या घरात, त्यामुळे रात्री सिनेमे पाहायला तो उत्तम. मात्र काळसर भागात काही हलले की मागे डागासारखी सावली ओढली जाते आणि काळ्या पानावरची अक्षरे सरकवताना ती खुपते. दिवसभर वाचन-लेखन, फोटो आणि घरातल्या सगळ्यांचा सरमिसळ वापर असेल तर आयपीएसच घ्यावा असे आमचे मत.

‘कोटीस एक’ हा आकडा डायनॅमिक कॉन्ट्रास्टचा. दृश्य काळे झाले की मॉनिटर बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) मंद करतो किंवा विझवतो आणि कंपनी ते काळे त्याच्या सर्वांत प्रखर पांढऱ्याशी ताडून आकडा छापते. एकाच वेळी पडद्यावर हे दोन्ही कधीच दिसत नाहीत. ‘स्टॅटिक’ किंवा ‘टिपिकल’ असे लिहिलेला आकडाच ग्राह्य धरा.

‘१ मिलिसेकंद’ शेजारी एमपीआरटी लिहिले असेल तर ते पॅनेलच्या वेगाचे माप नव्हे. बॅकलाइट झपाझप मिटवून-उघडून हालचाल कमी धूसर दाखवतात, त्याचा तो आकडा. ही सोय चालू केली की उजेड कमी होतो आणि काहींचे डोळे दुखतात. जीटीजी (एका राखाडी छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ) लिहिलेला आकडाही बहुधा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलांना घाईने बदलायला लावणारी सोय, कमाल ठेवून मिळवलेला असतो. तसे केले की हलत्या वस्तूमागे उलट्या रंगाची कड दिसते. मेनूमध्ये ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेवला की बस.

एचडीआर (जास्त प्रखर उजेड आणि गडद सावल्या एकत्र दाखवणारे चित्र) याबद्दल थोडक्यात : कमाल उजेड २५०-३०० निट्स (उजेडाचे एकक) असलेला मॉनिटर एचडीआर सिग्नल फक्त स्वीकारतो, दाखवू शकत नाही. त्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका, आणि विंडोजमध्ये तो पर्याय बंदच ठेवा, नाहीतर सगळा डेस्कटॉप निस्तेज दिसेल.

रंगांसाठी ‘९९ टक्के एसआरजीबी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’ असे शोधा (पडदा किती रंग दाखवू शकतो ते मोजायच्या या दोन पट्ट्या). दोन्ही साधारण एकाच तोलाचे. ‘४५ टक्के एनटीएससी’ म्हणजे एसआरजीबीच्या जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास. त्यात लाल रंग विटकरीकडे झुकतो आणि चेहरे निर्जीव दिसतात. तपशिलात रंगव्याप्तीचा उल्लेखच टाळला असेल तर ती कमी आहे असेच धरून चाला.

एक सावधगिरी. एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळी पॅनेल विकली जातात. मॉडेल क्रमांकाचे शेवटचे अक्षरसुद्धा जुळवून पाहा. फरक बऱ्याचदा तिथेच लपलेला असतो.

प्रश्न : ७५ हर्ट्झ, १०० हर्ट्झ यांचा गेम न खेळणाऱ्याला उपयोग काय?

उत्तर : हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र ताजे करतो तो आकडा. तो जास्त असला की पान सरकवताना अक्षरे थोडी कमी थरथरतात, माउसचा बाण मऊ चालतो. ६० वरून ७५ वर गेल्याचे क्वचितच कळते, १०० मात्र कळतात. किंमत तेवढीच असेल तर घ्या, त्यासाठी पॅनेलमध्ये तडजोड करू नका. आणि घेतल्यावर विंडोजमध्ये डिस्प्लेच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात जाऊन तो आकडा स्वतः निवडा. बऱ्याच घरांत १०० हर्ट्झचे मॉनिटर ६० वरच चालत असतात.

प्रश्न : माझ्या जुन्या संगणकाला फक्त निळे व्हीजीए आउटपुट आहे. नव्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय. कन्व्हर्टर लावला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण दिशा बरोबर असेल तरच. तुम्हाला व्हीजीए-टू-एचडीएमआय हवा. बाजारात एचडीएमआय-टू-व्हीजीए जास्त मिळतो. तो जवळपास तसाच दिसतो, पण उलटा चालत नाही. तुमच्या उपयोगाच्या कन्व्हर्टरला संगणकाकडे जाणारे व्हीजीए टोक आणि वीज घेण्यासाठी यूएसबीची शेपटी असते. व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्यामुळे मॉनिटरच्या स्पीकरमधून आवाज हवा असेल तर ऑडिओची वेगळी पिन असलेला घ्या.

त्याआधी संगणकाच्या मागे एकदा नीट पाहा. पांढरे, रुंद डीव्हीआय पोर्ट असेल तर फार बरे : डीव्हीआय-डी ते एचडीएमआय ही साधी केबल पुरते आणि चित्र डिजिटलच राहते. डिस्प्लेपोर्ट असेल तर त्यापासून एचडीएमआयला जाणारी साधी केबलही सहसा चालते. एचडीएमआयमधून निघून डिस्प्लेपोर्टमध्ये शिरणारी साधी केबल मात्र चालत नाही.

व्हीजीएशिवाय गत्यंतरच नसेल तर व्हीजीए पोर्ट असलेला मॉनिटर पाहा आणि केबल जाड, दीड मीटरच्या आतली घ्या. जोडल्यावर पडदाभर मजकुराचे पान उघडून मॉनिटरचे ‘ऑटो ॲडजस्ट’ दाबा. रिकाम्या निळ्या डेस्कटॉपवर दाबले तर मॉनिटरला चित्राच्या कडा आणि बारकावे सापडत नाहीत, आणि अक्षरांवर उभे धूसर पट्टे राहतात.

प्रश्न : नवा आयपीएस मॉनिटर आणला, पण अक्षरे पुसट आहेत आणि काळा रंग राखाडी दिसतो. मॉनिटर परत करावा का?

उत्तर : इतक्यात नको. अशा तक्रारींत दोष बऱ्याचदा सेटिंगचा निघतो. या क्रमाने तपासा.

आधी केबल. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या पोर्टात हवी, वरच्या मदरबोर्डच्या नव्हे. मग विंडोजमध्ये डिस्प्ले रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ आहे ना ते पाहा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर १६०० बाय ९०० ठेवले तर एकेक पिक्सेल आडवा-उभा १.२ पिक्सेलांवर पसरतो, मग पुसटपणा आलाच. अक्षर मोठे हवे असेल तर रिझोल्यूशन कमी करू नका, स्केलिंग १२५ टक्के करा.

राखाडी काळ्याचे कारण बहुधा एचडीएमआय. संगणक मॉनिटरला टीव्ही समजतो आणि रंग ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढ्याच पट्ट्यात पाठवतो. ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘क्वांटायझेशन रेंज’ असा पर्याय असतो. तो ‘लिमिटेड’वरून ‘फुल’ करा. मॉनिटरच्या मेनूमध्ये ‘ब्लॅक लेव्हल’ असेल तर तोही त्याच्याशी जुळवा. दोघांनी दोन वेगळे मानले तर एकतर काळे राखाडी होते, नाहीतर सावल्यांतले सगळे बारकावे बुडतात.

शेवटी मॉनिटरचा ‘शार्पनेस’ कारखान्याच्या मूळ आकड्यावर आणा, विंडोजच्या सर्चमध्ये ‘क्लिअरटाइप’ (अक्षरे रेखीव करणारी सोय) टाकून त्याची पाच पाने पार करा. एवढे करूनही पडद्याचा एखादाच भाग पुसट राहिला तर मात्र परत करा.

प्रश्न : दोन तासांत डोळे जड होतात. ‘फ्लिकर-फ्री’ आणि ‘ब्लू लाइट’वाला मॉनिटर घेतला तर फरक पडेल का?

उत्तर : फ्लिकर-फ्रीने, म्हणजे न लुकलुकणाऱ्या पडद्याने, पडू शकतो, ब्लू लाइटच्या सोयीवर फार भिस्त ठेवू नका. ती फक्त पडदा पिवळसर करते, आणि तेवढे काम विंडोजचे ‘नाइट लाइट’ फुकट करते.

काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी बॅकलाइट सेकंदाला शेकडो वेळा मिटवतात-उघडतात. आताचा मॉनिटर तसा आहे का ते असे ओळखा : खोली अंधारी करा, उजेड २० टक्क्यांवर आणा, पडदाभर पांढरे पान उघडा आणि त्यासमोर पेन्सिल भराभर हलवा. पेन्सिलीच्या सुट्या सुट्या अनेक सावल्या दिसल्या तर पडदा लुकलुकतो आहे. एकसंध धूसर पट्टा दिसला तर ठीक.

पण नवा घेण्याआधी उजेड उतरवून बघा. मॉनिटर कारखान्यातून येतो तेव्हा दुकानात झळकण्यासाठी सेट केलेला असतो. कोरा कागद पडद्याशेजारी धरा आणि पडद्यावरचे पांढरे त्या कागदाइतके होईपर्यंत उजेड कमी करा. घरातल्या साध्या उजेडात तो आकडा बहुधा २० ते ४० टक्क्यांत येतो. आपोआप उजेड बदलणारी डायनॅमिक कॉन्ट्रास्टची सोयही बंद करा.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर ५० ते ७० सेंटिमीटर. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर पडदा आणखी खाली हवा, नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी मान सतत वर उचलली जाते. स्वस्त मॉनिटरचे स्टँड फक्त पुढे-मागे झुकते, उंची बदलत नाही. म्हणून उंची बदलणारे स्टँड असलेला साधा मॉनिटर आम्ही तसे स्टँड नसलेल्या झगमगीत मॉनिटरपेक्षा वरचा मानतो. ते जमत नसेल तर निदान मागे ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चौकोनात पाडलेली ‘वेसा’ मापाची भोके आहेत का पाहा. त्यांत पुढे मॉनिटर धरणारा वेगळा हात बसवता येतो.

प्रश्न : मॉनिटरऐवजी ३२ इंची टीव्ही वापरला तर?

उत्तर : अनेक ३२ इंची टीव्ही १३६६ बाय ७६८ पिक्सेलचेच असतात, म्हणजे इंचाला ४९. सिनेमाला ठीक, वाचायला नाही. ४३ इंची ४के टीव्हीवर मात्र इंचाला १०२ पिक्सेल पडतात. टेबल खोल असेल, संगणकाला एचडीएमआय २.० असेल आणि टीव्हीत त्या इनपुटचे नाव ‘पीसी’ ठेवता येत असेल तर विचार करा. पीसी मोड नसेल तर पांढऱ्यावरची लाल-निळी अक्षरे कडेला फुटतात. एचडीएमआय १.४ असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झवर मिळेल आणि माउस अडखळत चालेल.

प्रश्न : कार्यालयांतून निघालेले वापरलेले मॉनिटर स्वस्तात मिळतात. घ्यावेत का?

उत्तर : जरूर पाहावेत. कमी पैशांत आयपीएस पॅनेल आणि उंची बदलणारे स्टँड मिळण्याचा हा सोपा मार्ग. फक्त मागचे लेबल वाचा आणि एलईडी बॅकलाइट असलेलाच घ्या. त्याआधीच्या ट्यूब बॅकलाइटवाल्यांचा उजेड वयाबरोबर पिवळसर आणि मंद होतो.

तपासायला लॅपटॉप आणि काळी, पांढरी, राखाडी, लाल, हिरवी, निळी अशी पडदाभर सहा चित्रे न्या. मॉनिटर थंड असताना चालू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेला असेल तर शंका घ्या, कारण पॉवर बोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर थंड असतानाच जास्त त्रास देतात : दिवा लागतो, चित्र एक-दोन सेकंद दिसते आणि विझते. विझलेल्या पडद्यावर टॉर्च मारून चित्र अंधुक दिसले तर पॅनेल शाबूत आहे, बॅकलाइट किंवा त्याचा वीजपुरवठा गेला आहे. काळ्या चित्रावर कोपऱ्यांतून झिरपणारा उजेड आणि पेटलेले पिक्सेल दिसतात, पांढऱ्यावर मेलेले पिक्सेल आणि डाग. राखाडी चित्र सर्वांत चुगलखोर : दाबाचे ठसे, कडेचा काळपटपणा, वर्षानुवर्षे एकाच जागी राहिलेल्या टास्कबारची पुसट खूण, सगळे त्यावर उमटते. निदान वीस मिनिटे चालू ठेवा, मेनूची सगळी बटणे दाबून पाहा आणि जे पोर्ट वापरणार तेच लावून बघा.

वीज बाहेरच्या ॲडॅप्टरवर असेल तर मूळचाच मागून घ्या. तो हरवलेला असेल तर मागच्या लेबलवरचे व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची धन-ऋण खूण जुळलेली, असा दुसरा लागतो. घरी आणल्यावर पडदा पुसायला कोरडे मऊ कापड, फार तर पाण्याने किंचित ओलसर केलेले वापरा. काच पुसायचा फवारा नको. त्यातल्या अमोनियाने पडद्यावरचा चमक रोखणारा थर खराब होतो.